एका गाठीचा कुडा

नाशिकहून निघताना घराची किल्ली कुणाकडे द्यावी, या प्रश्नावर मी दहा मिनिटं घालवली. मग उत्तर मिळालं, कुणाकडेच नाही. समोरच्या ब्लॉकमध्ये नवीन जोडपं राहायला आलंय. त्यांचं दार मी आजवर दोनदा उघडं पाहिलं आणि दोन्ही वेळा दारात पार्सलवाला होता. किल्ली पर्समध्ये टाकली. ती एका जाडसर तपकिरी दोरीत ओवलेली आहे. दोरी पळसाच्या मुळीच्या वाखाची, आणि तिला शेजारी शेजारी दोन गाठी. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे.

मी काही हौशी प्रवासी नव्हे. तीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली, तीही शेवटच्या खोलीत, जिथे वनस्पतींचे अर्क तपासले जायचे. लग्न केलं नाही, आई गेली, आणि गेल्या मे महिन्यात निवृत्तही झाले. तेव्हापासून माझा फोन वाजतो तो गॅसवाल्याचा आणि कर्ज घ्या म्हणणाऱ्या मुलींचा. त्या मुलींशीसुद्धा मी जरा जास्तच वेळ बोलते. लाज वाटते, पण खरं आहे.

नंदुरबार जिल्ह्यात जायचं कारण एक नोंद होती. दोनेक वर्षांपूर्वी धडगावकडून कुड्याचं एक पोतं तपासणीला आलं होतं. जडीबुटी गोळा करणाऱ्या एका लहानशा संस्थेने ते पाठवलं होतं. पांढरा कुडा म्हणजे जुलाबावरचं नामांकित औषध. पोत्यात त्याचं मूळ, साल, पानं, शेंगा, सगळं होतं. एकाच झाडाची ही अंगं, पण प्रत्येकाचं कोठार वेगळं. कोनेसीन नावाचं जे कडू द्रव्य औषधाचं काम करतं ते सालीत भरपूर, बियांत बऱ्यापैकी, पानांत थोडं. अर्कात ठराविक द्रावणाचे थेंब टाकले की नारिंगी साका बसतो, म्हणजे द्रव्य आहे. त्या पोत्यातलं मूळ नारिंगी आलं, बिया आल्या, पानंही आली. साल मात्र एक तुकडा नारिंगी, दुसरा कोरा, पुन्हा एक नारिंगी, दोन कोरे. मी रजिस्टरात लिहिलं, ‘सालीत भेसळ. नमुना अविश्वसनीय.’ खाली सही. पुढच्या रकान्यात गोळा करणाऱ्याचं नाव होतं, रायलीबाई.

निवृत्तीच्या आधी टेबल आवरताना ती नोंद पुन्हा दिसली आणि मेली डोक्यात बसली. भेसळ करणारा माणूस सगळ्यात भेसळ करतो. या बाईने मुळात केली नाही, बियांत केली नाही, फक्त सालीत का केली? संस्थेला फोन लावला तर ती बंद पडलेली. तिथे काम केलेल्या एका बाईने रायलीबाईच्या सुनेचा नंबर दिला. मी सुनेला एवढंच सांगितलं, की निवृत्त शिक्षिका आहे, झाडं बघायची आहेत. बाकीचं तोंडातून निघालंच नाही.

ब्राह्मणपुरी

पहिला मुक्काम शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीला. आमच्या लॅबमधल्या शिपायाची बहीण तिथे दिलेली, शोभावहिनी. डिसेंबर होता. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या बाजूला उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, हवेत मळीचा गोडूस वास, रस्त्याच्या दोन्ही कडांना केळी आणि पपई. मी वाण्याकडून तीन केळी आणणारी बाई. इथे केळीचे अख्खे घड ट्रॅक्टरमधून उघड्यावर चाललेले पाहून मला उगीचच श्रीमंत वाटलं.

शोभावहिनींनी मला पाणी द्यायच्या आधी चौकशी केली. आमच्या सोसायटीत माणूस मेलं तरी कुणी विचारत नाही, इथे चपला काढेपर्यंत माझी कुंडली मांडून झाली होती. नवरा नाही, मूलबाळ नाही, भाऊ नाही, हे एकेक ऐकत त्या भाकरी थापत होत्या. शेवटी त्यांचा हात थांबला.

“मंग घर तुन्ही वाट कोन देखस व माय?”

मी म्हटलं, कुंड्या आहेत चार. त्या हसल्या नाहीत. ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी वाढली, आणि शेवभाजीवरचा लाल तवंग चमच्याने बाजूला करायला लागले तर माझा हात धरला. “खाई ले, काही व्हत नही,” म्हणाल्या. मी खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटामुळेच, असं मी त्यांना सांगितलं.

सकाळी निघताना त्यांनी पिशवीत ज्वारीचे पापड, बिबडे, कोंबले आणि एसटी दिसेनाशी होईपर्यंत फाट्यावर उभ्या राहिल्या. मला निरोप द्यायला कुणी शेवटचं कधी उभं होतं हे आठवत बसले, तोवर म्हसावद मागे पडलं होतं.

पाडा

घाट चढताना साग पानगळीला लागलेले आणि मधूनमधून कड्याच्या टोकाला एखादं घर. आमच्याकडे घरं एकमेकांना चिकटून आणि माणसं लांब. इथे घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, प्रत्येक आपापल्या टेकडीवर. पण हाक मारली की दोन टेकड्यांवरून ओ येते, हे नंतर कळलं. धडगावला उतरून जीप घेतली. पाड्याचं नाव मी लिहीत नाही. कुड्यासाठी चार माणसं कोयते घेऊन तिथे पोचायला नकोत.

सून मीरा रस्त्यापर्यंत घ्यायला आली होती. आश्रमशाळेत दहावी झालेली, बोलते ती पुस्तकातल्या मराठीत, सावकाश, जणू शब्द मोजून वहीत उतरवतेय. घरात पावरी बोली चालते. सासूला थोडीफार मराठी समजते, पण बोलायला ती तयार नसते. रायलीबाई ओट्यावर बसली होती. वाळलेली, सरळ पाठीची, हातात चांदीची जाड कडी. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा अंबाडीच्या बिया पाखडायला लागली.

मक्याची भाकर, उडदाची डाळ, आमचुराची चिमूट. जेवण झालं, ऊन कललं, आणि माझ्या लक्षात आलं की या ओट्यावर कुणी येत नाही. समोरच्या टेकडीवर बायका बसलेल्या, हसण्याचा आवाज येत होता, पाणी आणणाऱ्या याच वाटेने जात होत्या, पण मान न वळवता. मी मीराला विचारलं. ती म्हणाली की आधी असं नव्हतं. आई औषध देत असत, रोज कुणी ना कुणी बसलेलं असे. मग संस्थेचा माणूस पोतं परत घेऊन आला. खाली रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत, त्याने सांगितलं की नाशिकच्या तपासणीत रायलीबाईचा कुडा खोटा निघाला. समोरच्या सेलीबाईने ते चार पाड्यांवर नेलं. तिच्या नातवाला त्याच आठवड्यात जुलाब झाले होते आणि ती घाबरली होती. त्यानंतर कुणी आलं नाही.

सात महिने मी घरात बसून कुणी बोलायला नाही म्हणून कुढत होते, आणि तेच दुखणं मी एका बाईला दोन वर्षांपूर्वी सहीनिशी पाठवून दिलं होतं. बरं, तेव्हाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं. मनात एक चोर बसला होता, तो म्हणत होता, आधी बघ तरी, कदाचित तिनेच केली असेल भेसळ.

झाडं

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघी डोंगर चढलो. रायलीबाई अनवाणी पुढे, मी बूट घालून मागे धापा टाकत. पहिलं झाड आलं. जोडीने लोंबणाऱ्या बारीक लांब शेंगा, करडी खरबरीत साल. तिने झाडाला हात लावला, कनवटीतून मक्याचे चार दाणे काढून बुंध्याशी ठेवले, आणि विळ्याने तळहाताएवढाच तुकडा सोलला, एकाच अंगाने. मग ओली माती कालवून जखमेवर थापली. दोन पावसाळे झाल्याशिवाय त्या झाडाला पुन्हा हात लावत नाहीत, मीरा म्हणाली. मला आमचे पुरवठादार आठवले. ते झाड आडवं करूनच साल काढतात.

तिने एक कपची माझ्यापुढे धरली. मी जिभेवर ठेवली आणि अख्खं तोंड आकसलं. हा कडूपणा कानापर्यंत जातो. तीस वर्षं मी कोनेसीनचं सूत्र फळ्यावर काढलं, त्याचा वितळणबिंदू मला झोपेत विचारा, पण त्याची चव त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

थोडं वर दुसरं झाड. मला तर तेच वाटलं. रायलीबाईने शेंगांकडे बोट केलं. या जोडीची खालची टोकं एकमेकांना चिकटलेली होती. साल जरा गुळगुळीत. हा काळा कुडा. त्याच्या पानांत निळीचा अंश असतो, सालीत कोनेसीन अजिबात नाही. पुस्तकात मी दोन्ही वाचलेत. पण पुस्तकातली झाडं एकमेकांपासून दोन पानं लांब असतात, डोंगरावर ती शेजारी शेजारी उगवतात. तिने त्याचीही कपची दिली. नुसती लाकडासारखी, बेचव. थोडी साल तिने दोन्ही झाडांची घेतली, वेगवेगळी गुंडाळून. मी मनात म्हटलं, सापडली. घेते की दोन्ही! त्या क्षणी मला आनंद झाला, हे लिहायला हवं. माझी सही वाचली, म्हणून आनंद.

तो फार टिकला नाही. उतरताना पोटात कळ आली. शेवभाजीचा तवंग म्हणा नाहीतर धडगावच्या स्टँडवरची भजी, पण दुपारपर्यंत मी टमरेल घेऊन चार वेळा झुडपांमागे जाऊन आले. नाशिकमध्ये साठ वर्षांची मर्यादाशील बाई म्हणून माझा लौकिक आहे. तो तिथल्या एका बोरीच्या आडोशाला पडलाय, कुणाला हवा असेल तर घेऊन यावा.

पाचव्या खेपेला ओट्यावर येऊन मी पर्स उपडी केली, गोळ्या शोधायला. गोळ्या नव्हत्याच. किल्ली खणकन खाली पडली. रायलीबाईने ती उचलली, दोरीवरून अंगठा फिरवला, दोन्ही गाठी चाचपल्या, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली. मीराला काहीतरी म्हणाली.

“आई विचारतात, ही गाठ तर ओळखीची आहे. तुम्ही तिला किल्ली का बांधली?”

मी म्हटलं, ओळखीची म्हणजे?

मीराने सांगितलं ते असं. औषध ज्याला द्यायचं त्याच्या पुडक्याला एक गाठ. पण जो पहिल्यांदाच शिकतोय त्याला एकटं औषध देत नाहीत. त्याच्याबरोबर त्याच्यासारखं दिसणारं खोटं झाडही देतात, दोन गाठी मारून. शिकणाऱ्याने दोन्ही चाखायची, हाताळायची, म्हणजे पुढे रानात फसायला होत नाही. हे सगळे औषध देणारे करतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. नाशिकच्या मॅडमना कुडा पाहायचाय असं संस्थेने सांगितलं, म्हणजे त्या नवीन असणार, असं आईंना वाटलं. औषध सालीचं, म्हणून पोत्यात सालीची पुडकी दोन तऱ्हेची होती, एका गाठीची पांढऱ्या कुड्याची आणि दोन गाठींची काळ्या कुड्याची.

मला ते पोतं डोळ्यांसमोर दिसलं. मी स्वतः ते उघडलं होतं. दोऱ्यांचा कचरा नमुन्यात जाऊ नये म्हणून सगळे वाख कात्रीने कापले होते, मूळ एका पिशवीत, पानं एकीत, शेंगा एकीत, आणि साल, सगळी साल, एकाच पिशवीत. व्यवस्थित. लेबल लावून. एक दोरी चिवट वाटली म्हणून किल्लीला ठेवली. आणि मी मुलांना काय शिकवत होते तीस वर्षं? की परीक्षेच्या नळीशेजारी नेहमी एक कोरी नळी ठेवा, तिच्यात द्रव्य नसतं हे माहीत हवं, तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. डोंगरावरच्या या बाईने मला कोरी नळी बांधून पाठवली होती. मी दोन्ही एकत्र ओतल्या आणि तिला खोटी ठरवलं.

आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी सांगितलं. ते रजिस्टर माझं, ती सही माझी, वाख मीच कापले. मीरा भाषांतर करता करता अडखळली आणि शेवटचं वाक्य तिने खाली मान घालून सांगितलं. रायलीबाईने किल्ली माझ्यापुढे ठेवली. मला वाटलं आता ती मला हाकलेल, आणि हाकललं असतं तर बरं झालं असतं. तिने एकच विचारलं, तेही मराठीत, तुटक.

“तू चाखली नाही?”

“नाही. आमच्याकडे प्रयोगशाळेत काहीही चाखायला बंदी असते.”

ती ‘हं’ म्हणाली. रागाने नाही. एखाद्या पोराने उत्तरच न शिकल्याचं कबूल केल्यावर मी जशी ‘हं’ म्हणायचे, तशी. मग उठून चुलीवर पाणी ठेवलं, एका गाठीचं पुडकं सोडलं आणि साल ठेचायला बसली. माझं पोट तिच्या लक्षात होतं, मी मात्र विसरले होते.

काढा झाला तेव्हा मी तिला म्हटलं, इथे नाही, बाहेर पिते. आम्ही वाटेपर्यंत गेलो. बायका पाणी घेऊन परतत होत्या, त्यांत सेलीबाई होती. मी वाटी हातात धरून उभी राहिले आणि मीराला म्हटलं, सांग यांना, तपासणी करणारी बाई हीच. चूक हिची. कुडा खरा होता. आणि सगळ्यांसमोर ते जहर कडू पाणी घटाघट प्यायले, तोंड वाकडं होऊ न देता, म्हणजे निदान तसा प्रयत्न केला.

मला वाटलं होतं काहीतरी होईल. हंडे डोक्यावर होते, जड असणार. त्या गेल्या. रायलीबाई वाटी विसळायला आत गेली आणि मी वाटेत एकटीच उभी राहिले. बोललेलं परत घेता येतं, पण ऐकणाऱ्याने ते परत द्यायला हवं ना?

पुढचं थोडं आधीच सांगते. नाशिकला आल्यावर मी कॉलेजात गेले. माझ्या जागी आलेल्या मुलीने ओळखपत्र मागितलं, मग रजिस्टर शोधून दिलं. जुनी नोंद खोडता येत नाही, नियम आहे, आणि तो मीच केलेला आहे. मी समासात लिहिलं, ‘नमुना खरा. दोन्ही साली तपासणाऱ्याने मिसळल्या.’ खाली सही. ते पान पुन्हा कुणी उघडणार नाही, हे मला ठाऊक आहे. उतरताना जिन्यात ओळखीचं एकही माणूस भेटलं नाही.

निघताना

तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोट शांत झालं होतं. पाड्यावर हे सगळ्यांना कळलं असावं, कारण बोरीकडच्या माझ्या फेऱ्या थांबल्या होत्या आणि तिथे टेकडीवरून सगळं दिसतं. रायलीबाईने मला एक पुडकं दिलं. मी गाठी मोजल्या. एकच. तिने मोजताना पाहिलं आणि मान हलवली.

जीप खाली येऊन उभी होती. मी, मीरा आणि रायलीबाई वाटेवर होतो, तेवढ्यात समोरच्या टेकडीवरून सेलीबाई उतरताना दिसली. कडेवर तीनेक वर्षांचा मलूल नातू. ती आमच्यापासून चार पावलांवर थांबली. रायलीबाईकडे तिने पाहिलंच नाही. माझ्या हातातल्या पुडक्याकडे बोट केलं आणि मला विचारलं. मीराने सांगितलं, “ती विचारते, पोराला चालेल का? किती द्यायचं?”

क्षणभर मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? किती दिवसांनी कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं, आणि मला उत्तर येत होतं. सालीत किती, बीत किती, पोराच्या वजनाला किती, सगळं ओठांवर होतं. पण जिला मी दोन वर्षं ओट्यावर एकटं बसवलं, ती माझ्या बाजूला उभी होती.

“मला विचारू नका,” मी म्हटलं. “मला तर दोन्ही साली ओळखता येत नव्हत्या. काल शिकले, हिच्याकडून. हिला विचारा.”

मीराने ते पावरीत सांगितलं. सेलीबाईने पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. जीपवाल्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला. मग ती वळली आणि रायलीबाईशी बोलली. काय बोलली ते मला कळलं नाही, आणि मीराने या वेळी भाषांतर केलं नाही. रायलीबाईने हात पुढे करून पोराचं पोट चाचपलं, त्याची जीभ पाहिली, काहीतरी विचारलं. सेलीबाईने उत्तर दिलं. ते लांबत गेलं.

मी जीपमध्ये जाऊन बसले. मागे वळून पाहिलं तर मला निरोप द्यायला कुणीच उभं नव्हतं. तिघीही पोराला घेऊन घराकडे निघाल्या होत्या, बोलत बोलत.